खिडकीपलीकडची रांग

आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. गंधकाचा सडका वास, त्यात डिझेल, त्यात ओल्या बुटांचा कुबट दमटपणा. मग हळूहळू मांडण्या दिसू लागतात. लहानमोठे पाने, साखळ्या, पट्टे, ग्राइंडर, ड्रिल, हातमोज्यांची खोकी. बाहेर काळोख आहे. पहाट आहे की संध्याकाळ, ते काळोखावरून सांगता येत नाही. इतक्या उत्तरेला हिवाळ्यातला दिवस म्हणजे दोन रात्रींमधली फट.

तुम्ही २००५-०६च्या हिवाळ्यात आला आहात. कॅनडाचा अल्बर्टा प्रांत, फोर्ट मॅकमरे गावाच्या उत्तरेला सिंक्रूड कंपनीचा मिल्ड्रेड लेक हा कारखाना, आणि त्यातली ही टूल रूम. कामगार येतो, हत्यार मागतो, नोंद करून घेऊन जातो, पाळी संपताना परत करतो. तुम्ही कोणाला दिसत नाही. मांडणीला टेकून उभे राहा आणि खिडकीकडे बघा.

खिडकीशी बावीस वर्षांची एक मुलगी उभी आहे. अंगातले कामाचे कपडे तिच्या मापाचे नाहीत. इथले बहुतेक कपडे पुरुषांच्या मापाचेच असतात. बाहेर रांग लागली आहे, आणि ती लांब आहे. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी पाना लागलेला नाही. टूल रूममध्ये नवी मुलगी आलीय, ही खबर पसरली आहे. एक जण हातमोजे मागतो, त्याच्या खिशातून हातमोजे डोकावत असतात. दुसरा काहीच मागत नाही, नुसता उभा राहून बघतो आणि मागच्याला काहीतरी सांगतो. मागचा हसतो. मग एक पिकल्या मिशांचा माणूस पुढे येतो, तिचं बोलणं ऐकून थबकतो आणि विचारतो, कुठली गं तू पोरी? ती सांगते. त्याचा चेहरा सैल होतो. तोही तिकडचाच, किंवा शेजारच्या बेटावरचा. अशा एखाद्या माणसाच्या आधारावर पुढचे चार तास निघतात.

मुलीचं नाव केट बीटन. पुढे १७ वर्षांनी येणाऱ्या एका चित्रपुस्तकात ती ही खिडकी काढणार आहे, ही रांग काढणार आहे. रांगेतल्या कोणालाही ते ठाऊक नाही. तिलाही नाही.

ती इथे का आली, हे बघायचं तर तुम्हाला देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल आणि थोडं मागेही. नोव्हा स्कॉशिया प्रांत, केप ब्रेटन बेट, पश्चिम किनाऱ्यावरचं माबू गाव, साल २००१. हिरव्या टेकड्या, खाली समुद्र, आणि कुठल्यातरी घराच्या स्वयंपाकघरातून येणारं फिडलचं वादन. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून दोनशे वर्षांपूर्वी आलेल्यांची ही वस्ती. इथे गेलिक भाषेची ओल अजून पुरती वाळलेली नाही. पाय थिरकतात ते थेट स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर. म्हातारी माणसं तुम्हाला नाव विचारत नाहीत. तुमच्या बापाचं आणि आज्याचं नाव विचारतात आणि त्यावरून तुम्ही कोण ते ठरवतात.

अशा गावातून कोणी का जावं? कारण पोटाला इथे काही उरलेलं नाही. १९९२मध्ये कॉड मासेमारीवर बंदी आली आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या होड्या किनाऱ्यालाच लागल्या. बेटाच्या पूर्वेला सिडनी शहरात पोलादाचा कारखाना होता, तो २००१मध्ये बंद पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेटावरची शेवटची मोठी कोळशाची खाणही मिटली. पण घर सोडण्याची रीत त्याच्याही आधीची आहे. आजोबांच्या पिढीतली माणसं बॉस्टनकडे गेली, त्यानंतरची टोरांटोकडे. आता विमानं अल्बर्टाकडे जातात. मासा गेला, कोळसा गेला, पोलाद गेलं. आता बेटावरून बाहेर जातात ती माणसं. इथली पोरं लहानपणापासून दोन गोष्टी एकदम शिकतात. आपल्या गावासारखं गाव जगात नाही, आणि मोठं झाल्यावर इथे राहता येणार नाही.

केट शिकायला शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात गेली. सॅकव्हिलचं माउंट ॲलिसन विद्यापीठ, विषय इतिहास आणि मानववंशशास्त्र. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात ती व्यंगचित्रं काढू लागली. २००५मध्ये हातात पदवी आली आणि पाठोपाठ शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते. इतिहासाची पदवी आणि चित्रांची वही घेऊन केप ब्रेटनमध्ये ते हप्ते फिटत नाहीत. ओळखीपाळखीचे सगळे एकच दिशा दाखवत होते. पश्चिमेला जा. दोन वर्षं कळ काढ. कर्ज फेड आणि मग हवं ते कर.

म्हणून ती खिडकी. चला परत, पण या वेळी टूल रूमच्या बाहेर थांबा आणि एवढी माणसं इथे कशासाठी जमली आहेत ते बघा.

इथलं तेल विहिरीतून उसळत नाही. ते डांबरासारखं घट्ट असतं आणि वाळूच्या कणाकणाला चिकटलेलं असतं. वरचं जंगल आणि दलदल खरवडून काढायची, खालची काळी वाळू उपसायची, ती गरम पाण्यात घुसळून तेल वेगळं करायचं. एका पिंपासाठी साधारण दोन टन वाळू. ती वाहून नेणारे डंपर एका खेपेला साडेतीनशे टनांहून जास्त माल उचलतात. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वरच्याचं डोकं टायरच्या माथ्याला लागणार नाही. घुसळून उरलेलं पाणी, चिखल आणि तेलाची साय मातीच्या बांधांआड साठवतात. तळी म्हणतात त्याला, पण त्यांचा पसारा एखाद्या धरणाच्या जलाशयाएवढा असतो. ती तळी विसरू नका. आपल्याला तिथे परत जायचं आहे.

आणि माणसं? न्यूफाउंडलंडची, केप ब्रेटनची, देशाच्या कानाकोपऱ्यातली. कॅम्पमध्ये राहतात, अरुंद खोलीत, पातळ भिंतींआड. बारा तासांची पाळी, बस, जेवणाची रांग, झोप, पुन्हा बस. अल्बर्टाच्या सरकारी भाषेत या माणसांना एक नाव आहे, ‘सावली-लोकसंख्या’. इथे राबतात पण इथले रहिवासी म्हणून मोजले जात नाहीत, आणि गावी मोजले जातात तर तिथे ते नसतात. मला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा वाटलं, ज्या कारकुनाने तो योजला त्याला आपण काय लिहून गेलो ते कळलं असेल का.

केट ऐकते. हे तिचं मोठं बळ आहे, आणि या काळात तेच सर्वांत जास्त दुखरंही ठरतं. कॅम्पमध्ये बाया बोटांवर मोजण्याइतक्या. येताजाता शेरे, रात्री दारावर थाप, दाराची मूठ फिरवून बघणारा हात. तक्रार करावी तर वरचा माणूस सांगतो, कुठे आलीस ते ठाऊक होतं ना? आणि हाच दिवस संपताना कोणीतरी तिच्यासाठी गाडी गरम करून ठेवतो. कोणी मुलीचा फोटो दाखवतो, डोळे पुसतो आणि पुसले नाहीत असं दाखवतो. काही वेळा ही दोन्ही माणसं एकच असतात. तिच्या मनात एक प्रश्न घर करतो आणि तो मला सबंध पुस्तकाचा कणा वाटतो. माझा बाप, माझे काका इथे आले असते, वर्षानुवर्षं घरापासून लांब या खोल्यांत राहिले असते, तर तेही या रांगेत असे उभे राहिले असते का? ‘पुरुष असेच’ म्हणून सुटणं सोपं होतं. ‘ती माणसं वाईट होती, आमची तशी नाहीत’ म्हणणं त्याहून सोपं. तिने दोन्ही वाटा घेतल्या नाहीत.

तिच्या पुढच्या कामाच्या जागी, लाँग लेकच्या कॅम्पपर्यंत तुम्ही तिच्या मागे या, पण खोलीच्या दाराशी थांबा. तिथल्या काळात तिच्यावर बलात्कार झाला. दोनदा. पुस्तकात तिने ते लपवलेलं नाही आणि त्याचा देखावाही केलेला नाही. तिथे वाचकाची नजर आत शिरत नाही. आपणही शिरायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, एवढंच बघा. बारा तास. लोक आले, हत्यारं मागितली, तिने नोंद केली.

आता हवा बदलते. खारा वारा येतो, बर्फ नाही. व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया, पॅसिफिकचा किनारा. बॅस्टियन चौकातली जुनी कोर्टाची इमारत, आत सागरी वस्तुसंग्रहालय. मिल्ड्रेड लेक आणि लाँग लेकच्या मागून केट इथे येते, एका वर्षासाठी. हे तिच्या विषयाचं काम. जहाजांच्या प्रतिकृती, होकायंत्रं, आणि ‘टिलिकम’ नावाची एक होडी, एका झाडाच्या खोडातून कोरलेली, जी १९०१मध्ये इथून निघून महासागर ओलांडत १९०४मध्ये इंग्लंडला पोचली होती. केट या गोष्टींत रमते. पण पगारात घरभाडं आणि हप्ता दोन्ही बसत नाहीत. तेलात पैसा आहे, इतिहासात नाही, हे गणित तिला पुन्हा उत्तरेला ढकलणार आहे.

त्याआधी एक गोष्ट घडते. २००७ साली ती आपली चित्रं इंटरनेटवर टाकू लागते. चार-सहा चौकटी, थरथरत्या रेषा, बटणासारखे डोळे, आणि पात्रं कोण, तर इतिहासातली मंडळी. कॅनडाचे पंतप्रधान डीफेनबेकर आणि पिअर्सन, सेनापती वुल्फ, शास्त्रज्ञ टेस्ला. एक गुबगुबीत तट्टूही आहे, छोट्या पायांचं. या वेबकॉमिकचं नाव ‘हार्क! अ व्हेग्रंट’. कोणाही प्रकाशकाने बोलावलं नव्हतं, कोणी मोबदला दिला नव्हता. लोक हसले, एकमेकांना पाठवू लागले, आणि शाळेत इतिहासाला जांभया देणारी पोरं पिअर्सन कोण ते शोधू लागली.

इथे जरा थांबतो, कारण या विनोदाबद्दल मला वाटतं ते नीट सांगायचं आहे. काही वर्षांनी तिने ब्राँटे बहिणींवर एक कॉमिक केलं. शार्लट आणि एमिली रस्त्याने जाणारे रागीट, दारुडे, उद्धट पुरुष बघून भारावतात. अशा पुरुषांना त्यांनी आपल्या कादंबऱ्यांचे नायक केलं होतं. धाकटी ॲन मात्र बघते आणि सरळ सांगते, हा माणूस वाईट आहे. थोरल्या दोघी तिच्यावर चिडतात. लोकांना ते प्रचंड आवडलं, वाङ्मयावरची खुसखुशीत टिप्पणी म्हणून. मला त्यात कॅम्पमधून परतलेली बाई दिसते. रांगडेपणाला शौर्याचं नाव कोण देतं आणि त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडते, हे तिने पुस्तकात वाचलेलं नव्हतं, खिडकीत उभं राहून पाहिलेलं होतं. पुढे शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन, उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेला कृष्णवर्णीय मॅथ्यू हेन्सन, पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्यावर तिने जे काढलं, त्यातही इतिहासाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे आधी नजर जाते. सावली-लोकसंख्येत राहून आलेल्या डोळ्यांना ती सवय लागते.

२००८. पुन्हा अल्बर्टा, आता आल्बियन सँड्सची खाण. ती दुसऱ्या कंपनीत आहे, कामाचं स्वरूपही बदललं आहे, बहीण आणि मैत्रीणही या भागात कामाला आहेत. एखाद्या रात्री आकाशात हिरवे प्रकाशाचे पडदे हलतात आणि डंपरवाले, फिटर, ती, सगळे मान वर करून उभे राहतात. या जागेचं सौंदर्य खरं आहे. तिच्या चित्रांत यंत्रांच्या जंगलावरचं ते आकाश येतं तेव्हा वाचकाला दोन्ही एकदम सोसावं लागतं.

२८ एप्रिलला तुम्ही सिंक्रूडच्या ऑरोरा खाणीजवळच्या तळ्याकाठी उभे राहा. वसंत उशिरा आलाय. आसपासची खरी तळी गोठलेली आहेत. याच पाण्यावर बर्फ नाही, कारण त्यात कारखान्याचं कोमट पाणी येतं. पक्ष्यांना हुसकवायला आवाजाच्या तोफा लावायच्या असतात. त्या अजून लागलेल्या नाहीत. दक्षिणेकडून थव्यांवर थवे येतात, हजारो मैल उडून दमलेली बदकं, आणि त्यांना खाली एक मोकळं पाणी दिसतं. ती उतरतात. साय पंखांना चिकटते. पुन्हा उडणं नाही.

आधी आकडा सांगितला गेला ५००. पुढच्या वर्षी तो १,६०६ झाला. २०१०मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं आणि ३० लाख डॉलरचा भुर्दंड बसला. जगभरच्या वर्तमानपत्रांत काळवंडलेल्या बदकांचे फोटो छापले गेले. जगाने हळहळावं असंच ते होतं. पण त्याच सुमारास महामार्ग ६३वर पाळी संपवून निघालेली माणसं अपघातात मरत होती, खोल्यांमध्ये एकटी पडून व्यसनात बुडत होती, आणि त्यांच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत संपत होत्या. केट तेव्हा इंटरनेटवर एका वृद्ध क्री बाईला बोलताना बघते, नदीकाठच्या फोर्ट मॅके वस्तीतल्या. पाणी बिघडलं, माणसं आजारी पडताहेत, हे त्या आजी शांतपणे सांगत असतात. जिचा पगार मी घेते ती जमीन या बाईची होती, हे इतकं जवळून कळल्यावर माणूस पूर्वीसारखा हप्ता भरू शकत नाही. तरी तो भरावा लागतो. ती कर्ज फेडते आणि निघते.

पुढची वर्षं भरभर सरू द्या. टोरांटो, न्यूयॉर्क, ‘द न्यूयॉर्कर’मध्ये व्यंगचित्रं. २०११मध्ये मॉन्ट्रियालच्या ड्रॉन ॲन्ड क्वार्टर्लीने ‘हार्क! अ व्हेग्रंट’चं पुस्तक काढलं आणि ते तडाखेबंद खपलं. २०१५मध्ये ‘स्टेप असाइड, पॉप्स’, आणि त्याच वर्षी मुलांसाठी त्या गुबगुबीत तट्टूचं पुस्तक. पुरस्कार बरेच. सगळं चांगलं आहे, आणि सगळ्यांना वाटतं की हीच केट बीटन.

२०१४मध्ये मात्र ती न बोलता एक लहानसं कॉमिक जालावर ठेवते. पाच भाग, कच्च्या रेषा, नाव ‘डक्स’. त्यात थोर माणसं नाहीत. कॅम्प आहे, बर्फ आहे, कामगार आहेत. तिच्या विनोदावर पोसलेले वाचक गप्प होतात. मग जे तिथे काम करून आले त्यांची, त्यांच्या बायकांची, मुलींची पत्रं येऊ लागतात. हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

पुस्तक लगेच झालं नाही. ती केप ब्रेटनला परतली होती. बहीण कर्करोगाने आजारी पडली आणि २०१८मध्ये गेली. तीच बहीण, जी तेलवाळूच्या त्या मुलखात तिच्याबरोबर होती, ते दिवस जिला न सांगता ठाऊक होते. अशा वेळी माणूस काय काढणार? पण त्याच बेटावर, जिथून निघाल्याशिवाय भविष्य नाही असं तिला सांगितलं गेलं होतं, तिथेच बसून तिने पान पान पुरं केलं. सव्वाचारशेहून अधिक पानं, काळ्या आणि राखाडी रंगात. सप्टेंबर २०२२मध्ये ‘डक्स’ आलं. बराक ओबामांनी ते वर्षातल्या आवडत्या पुस्तकांत घेतलं. २०२३मध्ये कॅनडाच्या रेडिओवरची ‘कॅनडा रीड्स’ ही पुस्तकांची स्पर्धा त्याने जिंकली, आणि आयस्नर पुरस्कार दोन मिळाले, एक सर्वोत्तम चित्ररूप आत्मकथनाचा आणि एक लेखक-चित्रकार म्हणून तिचा.

समारंभाला थांबू नका. पुस्तक उघडा. प्रत्येक कॅम्पच्या सुरुवातीला तिने तिथल्या माणसांचे चेहरे ओळीने मांडले आहेत. कोणाचं नाक फताडं, कोणाची हनुवटी आत गेलेली, कोणाच्या टोपीची चोच वाकडी. इतक्या वर्षांनी काढलेले चेहरे आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. कंपन्यांच्या नोंदीत ही माणसं आकडे होती. तिला त्यांनी छळलं, हसवलं, सांभाळलं, आणि तिने प्रत्येकाला त्याचं स्वतःचं तोंड दिलं. जो दार वाजवून गेला त्यालाही.

मिल्ड्रेड लेकच्या पानांवर या. टूल रूम. तीच मांडणी, तीच खिडकी. फक्त या वेळी तुम्ही आतल्या कोपऱ्यात नाही. तुम्ही बाहेर आहात, रांगेत. पुढच्या माणसाच्या जाकिटावर बर्फाचे कण आहेत. तो काहीतरी घेतो आणि बाजूला होतो. तुम्हाला कुठलंही हत्यार नको आहे. तुम्हीही बघायलाच आला होता. खिडकीतली मुलगी नोंदवहीतून मान वर करते आणि विचारते,

“काय हवंय?”